मागणी गोराताला, गर्दी बिस्किटला

केबोनांगसाहेबांचं म्हणणं असं, की त्यांनी फक्त एक भाषण केलं. गुन्हा काय तो एवढाच.

मे महिन्यात बोत्स्वानातल्या मोचुडीत पांढरी गाडी आली होती. कुत्र्यामांजरांची फुकट नसबंदी करणारी. गाडीतच टेबल, गाडीतच दिवा, गाडीतच डॉक्टर. सकाळपासून रांग. कुणाच्या हातात दोरी, कुणाच्या काखेत पिठाची गोणी आणि गोणीतून मांजर शिव्या देतंय. शेजारच्या म्मा-पुलाने, रिटायर्ड नर्स, आपला बोका घेऊन निघाल्या होत्या. कुंपणापाशी थांबून म्हणाल्या, "रा-गोराता, तुमच्या बिस्किटला पण आणा की. कुत्री वर्षाची होत आली. आता कधीही माजावर येईल."

मुलगी गोराता, तिचे बाबा म्हणून रा-गोराता, आणि मान द्यायचा तर नुसतं रा; तशाच पुलानेच्या आई त्या म्मा-पुलाने. ऑफिसात मात्र साहेब. जमीन मंडळात चार नंबरच्या खिडकीत कारकून होते, पण चोवीस वर्षं एकाच खिडकीत बसलं की माणूस आपोआप साहेब होतो.

साहेबांनी चहाचा मग कुंपणाच्या खांबावर ठेवला. म्हणजे भाषण येणार.

"म्मा-पुलाने, तिला निसर्गाने जे दिलंय ते कापून काढणारे आपण कोण? उद्या तुम्ही म्हणाल, कोंबड्याचं आरवणं पण काढा. माझ्या घरात मुक्या जनावरावर जबरदस्ती होत नाही. ती मोकळी आहे. आपल्या मनाची मालकीण आहे!"

मनाची मालकीण त्या वेळी साहेबांचा उजवा बूट खात होती.

"बरं," म्मा-पुलाने म्हणाल्या. नर्सबाईंचं 'बरं' हे इंजेक्शनसारखं असतं. टोचताना काही वाटत नाही, दुखतं नंतर.

बोका संध्याकाळी परत आला. एक दिवस झोपला, दुसऱ्या दिवशी दूध मागितलं, तिसऱ्या दिवशी भिंतीवर जाऊन बसला. आधी हा बोका चार-चार दिवस गायब असायचा. यायचा तेव्हा कान फाटलेला, एक डोळा सुजलेला आणि गल्लीभर मुतून ठेवलेलं. आता तो भिंतीवर बसून साहेबांकडे बघायचा. नुसता बघायचा. साहेबांना ते आवडायचं नाही.

जुलैत गोराताच्या लग्नाचं जमलं. म्हणजे तिचं आणि पाकोचं आधीच जमलेलं होतं, पण दोघांचं जमून काय उपयोग? मामांचं जमलं पाहिजे. पाको पाणी खात्यात होता आणि त्याची बदली पार उत्तरेला, माउनला झाली होती. एक तारखेला हजर व्हायचं. त्याच्या घरून निरोप आला की येत्या शनिवारी उजाडताच आम्ही मागणी घालायला येतो. हा शनिवार हुकला तर मुलगा उत्तरेला, त्याचे मामा गुरांच्या वाडीवर, आणि सगळं पुढच्या वर्षावर. पुढच्या वर्षी कोण कुठे असेल कुणी सांगावं! गोराता आठवडाभर आनंदाने भांडी आपटत होती. तिचा आनंद तसाच आहे, आईवर गेलीय.

आता या मागणीच्या कामात मुलीच्या बापाला किंमत शून्य. बोलायचं मामाने. गोराताचा मामा म्हणजे केनोसीमामा, साहेबांचा मेहुणा. उंच, वाळका, आणि रीतिरिवाजाच्या बाबतीत इतका कडक की स्वतःच्या लग्नात स्वतःच चूक काढून तासभर बैठक थांबवली होती. मामाने साहेबांना हुकूम दिला, "तुम्ही बकरा आणा, खुर्च्या मांडा, आणि मागे गप्प बसा. बाप बोलला की मागणी नासते."

आणि सोमवारी कळलं, बिस्किट माजावर आलीय.

खरं तर आधीच्या आठवड्यातच फरशीवर रक्ताचे थेंब दिसले होते. साहेबांना वाटलं, पायाला काच लागली. त्यांनी स्वतःच्या हाताने पायाला पट्टी बांधली. छान बांधली, गाठबिठ मारून. सोमवारी सकाळी दारात चार कुत्री बसलेली बघून म्मा-पुलाने कुंपणावरून म्हणाल्या, "रा-गोराता, जखम पायाला नाहीये."

केबोनांगबाई, साहेबांच्या पत्नी, आतून ओरडल्या, "अहो, शनिवारी पाहुणे! आणि दारात ही वरात!"

"चारच आहेत," साहेब म्हणाले.

दुपारी सात झाली.

मग सल्ले सुरू झाले. पलीकडचा रा-तिरो, मिनीबस चालवतो, म्हणाला, "फाटकावर डिझेल शिंपडा. कुत्र्याला वास लागतच नाही." साहेबांनी शिंपडलं. कुत्री हलली नाहीत, पण दोन माणसं डबे घेऊन आली, इथे डिझेल मिळतं का विचारायला. चर्चच्या बायका म्हणाल्या मिरचीचं पाणी. मिरचीच्या पाण्याने साहेब स्वतः दोन तास शिंकले. शेवटी बाईंनी गोराताची शाळेतली जुनी निळी चड्डी काढली, शेपटीला भोक पाडलं आणि बिस्किटला घातली. बिस्किटला ती इतकी आवडली की ती फाटकापाशी जाऊन सगळ्यांना दाखवून आली.

मंगळवारी साहेब तिला घेऊन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. तिथली डॉक्टर तरुण, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ.

"ऑपरेशन करून टाका," साहेब एकदम म्हणाले. "आजच. मी मन मोठं केलंय."

"मन मोठं केलंत ते चांगलं, रा, पण दिवस चुकीचा निवडलात. माजावर असताना आत रक्त उतरलेलं असतं. ऑपरेशन होतं, पण धोका वाढतो. घाई नसेल तर दोन-तीन महिने थांबायचं."

"घाई आहे! शनिवारी मागणी आहे!"

डॉक्टरने एकदा बिस्किटकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. "हिला?"

"माझ्या मुलीला!"

"मे महिन्यात गाडी आली होती तेव्हा का नाही आणलंत?"

"कामात होतो," साहेब म्हणाले. चार नंबरच्या खिडकीत चोवीस वर्षं काढून काम हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच इतक्या दबक्या आवाजात उच्चारला.

डॉक्टरने मग न रागावता सगळं सांगितलं. पहिल्या माजाच्या आधी केलं असतं तर पुढे छातीच्या गाठी जवळजवळ होतच नाहीत. पिशवीच काढली की पिशवीत पू व्हायचा प्रश्न नाही, आणि त्या पू होण्याने दरवर्षी किती कुत्र्या जातात ते मी या टेबलावर बघते. नर असेल तर त्याचं भटकणं कमी, मारामाऱ्या कमी, गाडीखाली येणं कमी. "आणि दारात सभा भरत नाही," ती म्हणाली. "आत्ता तिला बंद जागेत ठेवा. नाहीतर लांब कुठेतरी पाठवा."

लांब! साहेबांचा चेहरा उजळला. गुरांची वाडी! पन्नास मैलांवर स्वतःची गुरं, स्वतःचा गडी, आणि आजूबाजूला कुत्रं नाही. पण मध्ये गुरांच्या रोगराईचा सरकारी नाका. तिथे बूट औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत, कुत्र्याला कसे सोडतील? रेबीजची लस टोचल्याचं कार्ड हवं. कार्ड याच दवाखान्यात मिळतं. कार्डाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "राहत्या प्लॉटचा कागद द्या."

प्लॉटचा कागद जमीन मंडळ देतं. साहेब हसले. अनेक वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या गल्लीत बोलावलं होतं.

बुधवारी ऑफिसात त्यांनी स्वतःची फाईल शोधली. सापडली. स्वतःच्याच टेबलाच्या खालच्या खणात, 'नंतर बघू'च्या गठ्ठ्यात, मधोमध. एका सहीसाठी अकरा वर्षं पडलेली. आणि स्वतःच्या कागदावर स्वतः सही चालत नाही, ती तीन नंबरची म्मा-थाटो करणार. म्मा-थाटोने चष्मा वर केला, फाईल उलटसुलट केली आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या, साहेब."

"अगं, मी शेजारच्या खिडकीत बसतो!"

"मग तुम्हाला यायला सोपं."

रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने साहेबांच्या पाठीवर हात ठेवला. "बसा हो इथे, सावलीत. मी पण चौथ्यांदा आलोय. होतं कधीतरी." साहेबांना त्या हाताने जेवढं लागलं तेवढं चोवीस वर्षांत कुणाच्या तक्रारीने लागलं नव्हतं.

गुरुवारी ते कार्डाशिवायच निघाले. पिकअपमध्ये पुढे साहेब, शेजारी चड्डी घातलेली बिस्किट. निघताना मागे पाच कुत्री पळत होती. नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, "मागची कुणाची?"

"माझी नाहीत."

"तुमच्या मागे आलीत."

"रस्ता सरकारी आहे, रा. कुणीही येऊ शकतं."

"कार्ड?"

कार्ड नव्हतं. साहेबांनी रीतसर बूट औषधात बुडवले, एवढं तरी नियमात केल्याचं समाधान घेतलं आणि गाडी वळवली. घरी पोचले तेव्हा मागे अकरा होती. वाटेतल्या दोन वस्त्यांनी भर घातली होती.

शुक्रवारी बिस्किटला धान्याच्या गोल खोपटात बंद केलं. दाराला कडी, कडीला तार, तारेला साहेबांचा पट्टा. "आता काय बिशाद!" असं म्हणून साहेबांनी पँट वर ओढली.

शनिवारी उजाडता उजाडता पाकोची माणसं आली. जुलै म्हणजे इकडे ऐन हिवाळा, बोचरी थंडी. पुरुष कोटात, बायका खांद्यावर शाली पिन लावून, डोक्याला रुमाल. ती फाटकाबाहेर रांगेने उभी राहिली. आतून बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही ही रीत. आणि आतल्यांनी लगेच बोलवायचं नाही ही त्याहून मोठी रीत.

"मामा, बोलवा की," साहेब कुजबुजले. "कुत्री आहेत बाहेर."

"इतक्यात?" केनोसीमामा कुजबुजला. "लोक म्हणतील मुलगी घरात जड झाली होती. थांबू दे."

थांबले. अर्धा तास. बाहेर पाहुणे सोळा, कुत्री एकोणीस. पाकोच्या मोठ्या आत्याच्या शालीचा वास एका कुत्र्याने घेतला. दुसऱ्याने रांगेतल्या सर्वांत नव्या, चकचकीत बुटावर पाय वर केला. तो बूट पाकोच्या मामाचा, लेफोकोमामाचा, म्हणजे पाहुण्यांच्या पुढाऱ्याचा. लेफोकोमामा हलला नाही. रीतीत हलायचं नसतं. फक्त त्याच्या मिशीचं एक टोक खाली आलं.

शेवटी केनोसीमामाने मान हलवली, फाटक उघडलं. पाहुण्यांबरोबर कुत्रीही आत आली, आणि ती काही रांगेत आली नाहीत. त्यांच्यात सर्वांत पुढे एक तांबडा, आडदांड, छाती काढून चालणारा. तो थेट खोपटाकडे गेला, एकदा हुंगलं, दोनदा धडक दिली. कडी टिकली, तार टिकली, पट्टा टिकला. दारच बिजागरीसकट पडलं.

लेफोकोमामाने अंगणाच्या मधोमध उभं राहून टोपी काढली, गळा खाकरला आणि मुलीला मागणी घालायचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द उच्चारले, "आम्ही या घरी पाण्याचा भोपळा मागायला आलो आहोत."

आणि त्याच्या पाठीमागे तीन पावलांवर बिस्किट आणि तो तांबडा, काम उरकून, एकमेकांना चिकटलेले. कुत्र्यांचं हे असलं एकदा झालं की बराच वेळ सुटत नाही. तोंडं दोन दिशांना, चेहऱ्यावर भाव असे की आम्ही एकमेकांना ओळखत नाही. चड्डी खोपटाच्या उंबऱ्यावर पडलेली.

कुणी हसलं नाही. मागणीच्या वेळी हसणं म्हणजे अपमान. सोळा पाहुणे आणि घरचे चौदा, तीस माणसं आभाळाकडे बघत उभी.

केनोसीमामाने हळूच विचारलं, "तो तांबडा कुणाचा?"

मग पाहुण्यांतलं एक लहान पोर म्हणालं, "आमचा जनरल! गाडीत मागे चढून आला!" पोराच्या तोंडावर तीन शाली एकदम आल्या.

केनोसीमामाचा आवाज बदलला. खटला मिळाला की त्याचा आवाज असा खोल होतो. "म्हणजे भोपळा मागायच्या आधीच तुमच्या घरच्याने आमच्या घरची पोर नासवली. या गुन्ह्याचा निकाल आधी. पिल्लं होतील, ती तुम्ही न्यायची."

"वा!" लेफोकोमामाचा संयम बुटापाशीच संपला होता. "मुलाकडच्यांनी द्यायच्या लग्नाच्या गायी जनरलने बिस्किटसाठी दिल्यात का? नाही. गायी न देता झालेली पोरं कुणाच्या घरची? आईच्या घरची! रीत आहे, मी नवीन काढली नाही."

आयुष्यात पहिल्यांदा रीत केनोसीमामावरच उलटली होती. "मग द्या गायी आणि न्या पिल्लं!" तो म्हणाला.

"आम्ही एका मागणीच्या तयारीने आलोय. दोन घालायच्या असत्या तर तसं सांगून आलो असतो!"

"मग भोपळ्याची बात आज नाही," केनोसीमामा म्हणाला आणि खुर्चीवरची टोपी उचलली. ती टोपी डोक्यावर गेली की बैठक मोडली. दाराच्या पडद्यामागून भांडं पडल्याचा आवाज आला. आनंदाचा आवाज वेगळा असतो, हा वेगळा होता. साहेबांना कळला. बापाला कळतो.

टोपी अर्ध्या वाटेवर असताना साहेब उभे राहिले.

"रा-गोराता, बसा!" मामा म्हणाला.

"बसतो. पण आधी बोलतो. बापाने बोलायचं नसतं, ठाऊक आहे मला." साहेबांनी चहाचा मग ठेवायला खांब शोधला. खांब नव्हता, मगही नव्हता. "चूक जनरलची नाही. तो कुत्रा आहे, तो कुत्र्यासारखा वागला. बिस्किटची पण नाही. चूक माझी. मे महिन्यात गाडी दारासमोरून गेली. म्मा-पुलाने सांगत होत्या. मी भाषण केलं. निसर्ग म्हणालो, स्वातंत्र्य म्हणालो. खरं सांगू? मला रांगेत उभं राहायचं नव्हतं. चार नंबरच्या खिडकीतला माणूस कुत्री घेऊन रांगेत कसा उभा राहील? म्हणून." ते लेफोकोमामाकडे वळले. "पिल्लं सहा होऊ देत नाहीतर सोळा, सगळी माझी. गायी नकोत. तुम्ही फक्त माझ्या पोरीला मागा. परत एकदा मागा."

टोपी हवेतच थांबली.

लेफोकोमामा आपल्या ओल्या बुटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी आमच्या वस्तीवर पण आली होती."

"मग?" आत्याने विचारलं.

"मी जनरलला कणगीमागे लपवला. तीन दिवस. म्हटलं, त्याची मर्दानगी जाईल."

आत्या पुढे आली. ऐंशीच्या घरातली बाई, पण शाल अशी झटकली की दोन कुत्री बाजूला झाली. "मर्दानगी! दर महिन्याला त्याला टाके घालत कोण बसतं? मी! गेल्या वर्षी गाडीखाली आला तेव्हा उचलून कुणी आणला? मी! माझ्या तीन मांजरींचं करून आणलं, बघा जरा. अंगाने भरल्यात, उंदीर मारतात, ऊन खातात, आणि कुणाच्या बापाला पिल्लं वाटत फिरावं लागत नाही. दोन मोठी माणसं, दोघांच्या दारात गाडी आली, आणि दोघांनी काय केलं? एकाने भाषण, दुसऱ्याने कणगी!"

पहिल्यांदा पडद्यामागून हसू आलं. गोराताचं. मग बाईंचं. मग म्मा-पुलाने कुंपणापलीकडून, त्यांना तर बोलावलंही नव्हतं. आणि मग तीसच्या तीस माणसं, मिशीसकट लेफोकोमामा, शेवटी केनोसीमामासुद्धा. तो हसताना रडल्यासारखा दिसतो, म्हणून आधी सगळे घाबरले.

केनोसीमामाने टोपी खुर्चीवर ठेवली. "नोंद करा. जनरल आणि बिस्किट, दोघांचं ऑपरेशन. पुढची गाडी येईल तेव्हा. दोन्ही घरची जबाबदारी. आता," तो ताठ झाला, "पाहुणे काहीतरी म्हणत होते. कुत्र्यांच्या गडबडीत आम्हाला ऐकू आलं नाही."

लेफोकोमामाने गळा खाकरला. "आम्ही या घरी पाण्याचा भोपळा मागायला आलो आहोत."

या वेळी पाठीमागे कुणी नव्हतं. जनरल आणि बिस्किट उन्हाच्या तिरिपेत बकऱ्याच्या हाडांची वाट बघत शेजारी शेजारी बसले होते.

सप्टेंबरात सहा पिल्लं झाली. तांबडी. साहेबांनी ती एक एक करून दिली, पण घेणाऱ्याकडून लिहून घेऊन, की सहा महिन्यांत ऑपरेशन करणार. फॉर्म स्वतः बनवला, सही तिथल्या तिथे.

लग्न डिसेंबरात झालं. गाडी जानेवारीत आली.

इकडे हा भर उन्हाळा, उन्हाने अंगाची लाही होत होती. साहेब रांगेत होते, बिस्किटची दोरी हातात. ओळखीचे लोक जाता येता थांबायचे, साहेब आपणहून सांगायचे, "हो, हो, नसबंदी. तुमची कुठाय?" त्यांच्या मागे लेफोकोमामा, जनरलला घेऊन, चेहरा असा की स्वतःच टेबलावर जाणार आहे. दोन्ही कुत्री आत गेल्यावर दोघं उलट्या क्रेटवर बसले.

"तो मला माफ करेल ना?" लेफोकोमामाने विचारलं.

"बोक्याने दुसऱ्या दिवशी दूध मागितलं होतं," साहेब म्हणाले.

"जनरल दूध पीत नाही."

"मग हाड मागेल."

लेफोकोमामाने कोटाच्या खिशातून एक हाड काढून दाखवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. सकाळीच आणून ठेवलं होतं. साहेबांनी स्वतःच्या खिशातलं काढलं. ते मोठं होतं.

तासाभराने डॉक्टर बाहेर आली. तीच, बारीक केसांची. आत दोन्ही कुत्री एका सतरंजीवर, जिभा बाहेर, घोरत पडलेली. तिने कागद बघितला.

"बिस्किट आणि जनरल. दोघं मस्त आहेत. यांचे नातेवाईक कोण?"

दोघं एकदम उभे राहिले. लेफोकोमामाने साहेबांच्या खांद्यावर हात टाकला.

"आम्ही," तो म्हणाला. "व्याही."